चोळायचं नाही

आमच्या भावोजींना एका जागी बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस सगळ्या डोंबिवलीत सापडला नसता. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान खुर्चीत बसत तेही कबुतरासारखे, टोकाला आणि उडायच्या बेतात. जेवताना आमटी वाढेपर्यंत दाराची कडी तपासून येत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत मांडवामागे जाऊन जिलब्यांचा पाक बघून आले. स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाला तर तिसऱ्या अध्यायात पाटावरून उठले आणि सोवळ्यातच मोरीतल्या नळाचा वॉशर बदलून आले. भटजी पोथीवर बोट ठेवून थांबले होते. "थांबलात कशाला? मला तिथून ऐकू येत होतं," भावोजी म्हणाले.

अशा माणसाला मूतखडा झाला. कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं झाली, कुणी सांगितलं म्हणून जिन्यावरून उड्या मारणं झालं. हा उपचार त्यांना मनापासून आवडला, पण खडा जागचा हलेना. त्या घरात स्थिर असं तेवढंच एक होतं. शेवटी ठाण्याच्या नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, यंत्राने बाहेरून धक्के देऊन फोडू, मात्र पाऊण तास हलायचं नाही. हललात तर नेम चुकेल, आणि नाहीच फुटला तर कमरेत चीर देऊन काढावा लागेल.

ताई आदल्या दिवसापासून रडत होती, म्हणून सोबत मी गेले. ठाण्यात रिक्षात बसल्यावर भावोजी म्हणाले, "आमचे वडील असेच चीर द्यायची म्हणून गेले होते. परत नाही आले." आणि लगेच पुढे वाकून रिक्षावाल्याला, "तुमचा आरसा सैल आहे."

धक्के बसणार तिथली कातडी बधिर व्हावी म्हणून एक मलम होतं. नर्सबाईंनी कमरेच्या बाजूला त्याचा जाड थर दिला, वर प्लास्टिक चिकटवलं आणि बजावलं, "तासभर हात लावायचा नाही. चोळायचं तर अजिबात नाही." मी फॉर्म भरायला गेले. पण आमच्याकडे कातडी लाल होईपर्यंत चोळल्याशिवाय मलम लावलं असं कुणी मानत नाही. परत येऊन बघते तर प्लास्टिक उशाशी आणि भावोजी कंबर चोळताहेत.

"कण वाया घालवला नाही बघ. पार मुरवलं."

"काका, चोळायचं नाही म्हटलं होतं ना?" नर्सबाई म्हणाल्या.

"मग लावायचं कशाला?"

पुन्हा थर, पुन्हा एक तास. तेवढ्यात त्यांची बोटंच बधिर झाली. गाऊनची नाडी मला बांधावी लागली. "शेजाऱ्याची बोटं लावल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

यंत्र सुरू झालं. टक, टक, टक. दहाव्या धक्क्यालाच त्यांचं पाऊल हलायला लागलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भावोजींचा हात धरला.

"धरलायस का? काही कळत नाहीये. जोरात धर."

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना लावते तेवढा जोर मी लावला. पाऊल थांबलं. ते छताकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने ओठ न हलवता म्हणाले, "पंख्याचा स्क्रू सैल आहे."

"नंतर," मी म्हटलं.

खडा फुटला. पुढचे आठ दिवस ते येईल त्याला बोटावरचा माझ्या अंगठीचा वळ दाखवत होते. "पाऊण तास हललो नाही. विचारा हिला."

आता ते खिडकीपाशी खुर्चीत असतात, चांगले मागे टेकून. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. परवा मी भेटायला गेले तेव्हा तो हात हातात घेतला. मोरीतला नळ ठिबकत होता.

"वॉशर गेलाय," भावोजी म्हणाले.

"मग उठा की."

ते हसले. मीच पाना घेऊन मोरीत गेले. ते खुर्चीतून सांगत होते, उलटा बसवू नकोस, आधी चावी बंद कर. मला तिथून सगळं ऐकू येत होतं.