निंबाखाली वाढलेली भाकर

नत्थुजीचा दम गेला तो कापसाच्या तेजीत. सातासमुद्रापल्याड कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. गावोगाव चरख्यावर सरकी काढायचं काम सुरू झालं. वाऱ्यानं रुई उडू नये म्हणून नत्थुजी दार लावून घेई आणि दिवसभर चरखा फिरवी. नाकातोंडात तूस जाई. साठी ओलांडलेला माणूस. दोन हंगाम काढले, तिसऱ्याला खोकल्यानं धरलं. आडापर्यंत गेलं तरी छातीचा भाता व्हायचा.

त्याच्या बायकोनं, सुभद्रानं, चरखा उचलून बाहेर मांडवात नेला. रुई उडाली तर उडू दे म्हणाली. अडुळशाच्या काढ्यानं खोकला जरा उतरला, पण धाप लागायची भीती काही गेली नाही. नत्थुजी बाजेवर बसला तो बसलाच. आणि बसून बसून आणखी खचला. मग दारापर्यंत जाणंही नको वाटू लागलं.

एक दिवस जेवणाची वेळ टळली तरी ताट येईना.

"अवं, भाकर?"

"वाढली ना जी. अंगणात, निंबाखाली."

"अन् मी तिथं कसा येऊ?"

"हळूहळू या. मी काही इकडं आनत नाई."

नत्थुजी संतापला. पण पोटात कावळे ओरडत होते. भिंत धरत निघाला आणि अर्ध्या वाटेत धापा टाकत वाकला. सुभद्रा धावत आली. तिनं त्याला परत नेलं नाही. पाठीवर हात ठेवून शेजारी उभी राहिली.

"घाई नोका करू. नाकानं वारा घ्या. आता ओठ बारीक करा अन् निखारा फुलवतो तसा हळूच सोडा. जोरानं फुंकलं तर राखच उडते."

त्यानं तसं केलं. पुन्हा केलं. छातीतली धडधड बसली आणि निंब तेवढा लांब वाटेना.

काही दिवसांनी भाकर आडाजवळ गेली, मग मारुतीच्या पारावर, मग शेताच्या बांधावर, धुऱ्यावर. ज्या दिवशी धाप जास्त लागे, त्या दिवशी ती मुकाट्यानं ताट बाजेशी आणी. एकदा कंटाळून त्यानं धापा टाकायचं सोंग केलं. ताट आलं, पण नुसती कोरडी भाकर.

"चटणी पारावर राह्यली जी," ती म्हणाली. तो हसत हसत उठला.

माघात वलगावहून निरोप आला. लेक जमुनाचा धाकटा महिन्याचा झाला होता, बघायला या म्हणून. पण गावातली एकूण एक बैलजोडी कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलेली. मुलगा किसनराव म्हणाला, "गाड्या येईस्तोवर थांबा, बाबा."

नत्थुजीनं पागोटं बांधलं. "चाल वं सुभद्रा. बसत बसत जाऊ."

गाडीवाटेला धुरळा फार, म्हणून दोघं धुऱ्या-धुऱ्यानं चालली. बाभळीखाली बसली, पाणी प्याली, पुन्हा उठली. वलगावात पोचायला दुपार झाली.

"बाबा! कोनाच्या गाडीत आले?" जमुना दारातच ओरडली.

त्याला लगेच बोलता येईना. त्यानं ओठ बारीक करून श्वास सोडला. सुभद्रा थांबली, तिनं त्याच्या वतीनं उत्तर दिलं नाही.

"पायी आलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "तुह्या मायनं आनलं."

"मी कायले आनते? पाय तुमचेच हायेत."

"पाय माहेच. पन दम तुनंच वापस देला मले."

इतक्या वर्षांच्या संसारात लेकीसमोर असं काही तो कधी बोलला नव्हता. सुभद्रा पदर सावरत पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

खोकला पुढंही हिवाळ्यात त्याला भेटायला यायचाच. पण त्या दुपारी जमुनानं बाळ मांडीवर दिलं, तेव्हा नत्थुजीनं खाली वाकून त्याच्या टाळूचा वास घेतला, आणि तो श्वास कुठं अडला नाही.