आरामात ये

आमच्याकडे बाहेरगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. तो घरी पोचेपर्यंत सगळे गोड बोलतात. मामा वारले तेव्हा सुरतेहून निघालेल्या त्यांच्या मुलाला "जरा ताप आहे त्यायले, आरामात ये" असं फोनवर मीच सांगितलं होतं. त्यामुळे सहलीच्या शेवटच्या दिवशी, हैदराबादेत, सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "दादा, चहा झाला काय? इकडची काही काळजी करू नको, आरामात ये," तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

हा भाऊ फोन करतो तो विहिरीवरची मोटर जळाली किंवा विजेची डीपी उडाली तरच. आम्ही नवरा-बायको मोताळ्याहून दक्षिण दर्शनाच्या बसने निघालो त्याला बरेच दिवस झाले होते. बसमध्ये सगळे आमच्याच भागातले, सोबत आपला आचारी, पिठाचे डबे. रामेश्वर झालं, कन्याकुमारी झाली, तिरुपती झालं. तेवढ्या दिवसांत या पठ्ठ्याने जिवंत आहात का म्हणूनही विचारलं नव्हतं. आणि आज एकदम चहा!

बस रात्री निघणार होती. तोवर ज्याने त्याने शहर पाहायचं. चारमिनारच्या रांगेत मी बायकोला म्हटलं, "घरी काही तरी झालं."

"काऊन? भाऊजी चांगले बोलले म्हणून?"

"हाव."

"तुमच्या घरात कोणी चांगलं बोललं का माणूस मेलाच पाहिजे काय?"

ती हसली खरी, पण थोड्या वेळाने तिनेच पर्समधून फोन काढून जावेला लावला. बोलून झाल्यावर फोन हातातच धरून उभी राहिली. "मजा करा म्हणते. बांगड्या घ्या म्हणते," ती म्हणाली. या दोघी जावा एकमेकींना कधी मजा करा म्हणणाऱ्यातल्या नाहीत. तिचंही हसू गेलं.

मग मी काही ते शहर पाहिलं नाही. वर चढलो, खाली उतरलो, काय दिसलं ते विचारू नका. डोक्यात एकच, आई का बाबा? आईला दमा आहे, थंडीत तिची छाती भरते. मी भावाला फोन लावून आईला दे म्हटलं. तो म्हणाला, "हळदी-कुंकवाले गेली शेजारी." संक्रांतीचे दिवस होते, खोटं वाटायचं कारण नव्हतं. तरी मला ते खोटंच वाटलं. मला तिथेच रडू यायला लागलं, आणि माझ्या मागच्या पोरी माझ्याच खांद्यावरून हात पुढे करून फोटो काढत होत्या. मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

बांगड्यांच्या गल्लीत बायको दुकानदाराशी घासाघीस करत होती तेव्हा आईचा फोन आला. आवाज तिचाच, थोडी धाप लागलेली. मी दुकानाच्या पायरीवर बसूनच घेतलं. "गरम पाणी पेत जा तिकडे," ती म्हणाली. मी विचारलं, बाबा कुठं आहेत? "वावरात गेले सकाळचे."

गुडघ्यांपायी बाबा शेतात जात नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून सगळ्यांना कामं सांगतात. आई नाही, तर मग बाबा.

जीव कुठं तरी गुंतवावा म्हणून मी शेजारच्या पितळेच्या दुकानात शिरलो आणि घुंगरमाळ घेऊन आलो. बायको म्हणाली, "पोळ्याले अजून कितीक महिने हायेत! अन् त्या म्हाताऱ्याले कायचा साज?" ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात तो एकच बैल उरला होता. काम काही नाही, पण बाबा त्याला विकू देत नव्हते आणि मीही जोर करत नव्हतो. वासरू होता तेव्हापासून मी त्याला धुतलेला. माळ पिशवीत टाकली. दिवसभर चालताना ती वाजत राहिली, आणि मला त्या आवाजाचाही राग येत होता.

संध्याकाळी बसपाशी आलो. आचाऱ्याने पिठलं टाकलं होतं. तेवढ्यात बाबांचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या फोनवरून.

"जेवला काय बे?"

"जेवायलेच बसून राह्यलो आता."

मागे भावाचं लेकरू ओरडत होतं, भाऊ त्याला दटावत होता. सगळे होते. एकेकाचा आवाज आम्ही कानाने ऐकला होता. आता फोन ठेवून मी पोटभर जेवायला हवं होतं.

"आरामात ये," बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बाबा माझ्याशी कधी बोललेले मला आठवत नाहीत.

घरात फोनवर बोलू न शकणारं एकच कोणी होतं. आमच्याकडे जनावर आपल्याच वावरात पुरतात; बाबा सकाळपासून तिथे कशासाठी होते, तेही मग कळलं.

"बाबा, बैलाले पाणी पाजलं काय?"

त्यांनी आधी लेकराला आत न्यायला सांगितलं. मग म्हणाले, "तू ये तं पहिले."

बायको ताट वाढून मला हाका मारत होती. मी पिशवी मांडीवर घेतली आणि माळ वाजू नये म्हणून वरून हाताने दाबून धरली.

"हाव बाबा," मी म्हटलं, "आरामात येतो. तुमी जेवून घ्या." जमेल तितकं गोड बोललो.