ढगाळ दिवसाची वीज

हेब्बाळच्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवली तेव्हा सासूबाईंना ऑक्सिजनचं मशीन लागलेलं होतं. वीज गेली की सिलिंडर जोडावा लागे. आता ती दगदग संपली, असं मी धरून चालले होते.

एका रखरखीत दुपारी वीज गेली आणि मशीन बंद पडलं. सिलिंडर जोडून मी नवऱ्याला विचारलं, "अरे, एवढं ऊन आहे, मग आपली वीज कुठे गेली?"

तो सरकारी कारखान्यात इंजिनिअर. म्हणाला, "लाइन गेली की आपली सिस्टीमही बंद होते. नाहीतर आपली वीज तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला शॉक बसेल. घरापुरती हवी तर बॅटरी लागेल, आणि घराला लाइनपासून तोडणारा इन्व्हर्टर."

दोन्ही आणलं. बॅटरी जिन्याखाली भिंतीवर लागली.

पुढे एकदा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. सासूबाईंना आंघोळीला गरम पाणी हवं होतं. नवऱ्याने गीझर लावला आणि सगळं घर बंद. मी पुन्हा सिलिंडर जोडला.

"साठवलेली संपली का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, भरपूर आहे. पण एका वेळी इतकी देता येत नाही तिला."

"मग आंघोळ राहू दे."

गीझर बंद करून त्याने बॅटरी पुन्हा चालू केली. सासूबाईंनी त्याचा मोबाइल मागून घेतला. बॅटरी किती उरली ते त्यात दिसायचं. आभाळ भरून आलं होतं, पॅनेलमधून फारसं काही येत नव्हतं. "फ्रिज बंद करा," त्या म्हणाल्या. मी केला.

दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, बोलण्यात कानडी मिसळलेलं. हातात इन्सुलिनच्या कुप्यांची पिशवी. "तुमच्या फ्रिजात स्वल्प जागा आहे काय? आमचा गरम होत आलाय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"फ्रिज लाव. माझा पंखा बंद कर."

"उकडेल हो तुम्हाला."

"मशीन चालू आहे ना? मग झालं."

अक्का तिथेच बसल्या आणि वर्तमानपत्राने सासूबाईंना वारा घालू लागल्या. दोघी आपापल्या दुखण्यांबद्दल बोलत होत्या. लाइन आली ती दुसऱ्या दिवशी. तोवर बॅटरी पुरली.

त्या हिवाळ्यात सासूबाई हॉस्पिटलमध्ये वारल्या. मशीन आम्ही एका गरजू घरी दिलं. आता वीज गेलेली आम्हाला बऱ्याचदा कळतही नाही. समोरच्या घराची खिडकी अंधारली की मी गीझरचं बटण बंद आहे ना ते पाहते.