कास्ता, कास्ट, जात

मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. मग शर्टावरून खांद्यापासून कमरेकडे हळूहळू फिरवला. जानवं शोधत होता. सापडलं नाही. हात काढून घेतला.

अमेरिकेत, हर्नडनला त्याच्या घरी रविवारचं जेवण होतं. टीममधले आम्ही सहा जण, सगळे मराठी. युरोपच्या भाषांमधलं सॉफ्टवेअर तपासायचं आमचं काम, म्हणून गप्पाही शब्दांच्याच. इटालियनमध्ये बुर्रो म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये तोच बुर्रो म्हणजे गाढव. इंग्लिशमधलं गिफ्ट जर्मनमध्ये विष. हसणं चाललं होतं.

मॅनेजरची मुलगी कॉलेजात स्पॅनिश शिकते. ती म्हणाली, "बाबा, कास्ता पण फनी आहे. स्पॅनिशमध्ये वंश, आणि शुद्धसुद्धा. पोर्तुगीजमध्ये तर द्राक्षाचं वाण!"

"बघा! कास्ट हा शब्दच पोर्तुगीजांचा," मॅनेजर म्हणाला. "आपल्याकडे असलं काही नव्हतंच यार. त्यांनी चिकटवलं." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या लोकांचं मात्र बरं झालं. त्याच शब्दावर सवलती घेत थेट अमेरिका!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सातवीत गुरुजी भरल्या वर्गात ओरडायचे, "सवलतवाले, उभे राहा." आम्ही चौघं उभे राहायचो. सवलतीचा फॉर्म दोन मिनिटांत भरून व्हायचा. पण तास संपेपर्यंत बसा म्हणायचे नाहीत. मान खाली. कान गरम.

मॅनेजरच्या घरी मला तो वर्ग आठवला. मी ताट खाली ठेवलं.

"सर, आमच्या गुरुजींना पोर्तुगीज येत नव्हतं."

कुणी हसलं नाही. मी मुलीकडे वळलो. "आपल्या भाषेत त्याला जात म्हणतात. अर्थ बाबांना विचार. मघाशी माझ्या पाठीवर काय शोधत होते, तेही विचार."

"बाबा, व्हॉट वेअर यू लुकिंग फॉर?"



सोमवारी क्लायंट कॉलमधून माझं नाव गेलं. शुक्रवारी प्रोजेक्टमधून. मी एचआरकडे लेखी तक्रार केली. तिथली बाई म्हणाली, "हा तुमच्या इंडियातला मामला ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याच ऑफिसातल्या तिसऱ्या मजल्यावरचा."

मित्र फोन करतात. व्हिसाचा विचार कर, म्हणतात. बायकोलाही भीती वाटते, मलाही वाटते. तरी तक्रार मागे घेणार नाही. नोकरी गेली तरी नाही. उभा राहीन, पण आता माझ्या मर्जीने.