वीस ग्रॅम चीज आणि सुमनताईचा गुडघा

आमच्या डेअरीत दूध रोज येतं आणि रोज जातं. चीज चार महिने टिकतं, तेही थंडीत ठेवलं तर. किस्से मात्र बाहेरच उघड्यावर पडून असतात आणि तरी नासत नाहीत. घरी गेल्यावर मी एखादा सांगते, तर मुलगी म्हणते, "आई, तुम्ही तिथं काम कधी करता?"

करतो की! शिरूर भागातली ही डेअरी, आणि आम्ही सहा बायका चीजच्या पॅकिंगला. मोठा ब्लॉक येतो, तो कापायचा, वीस-वीस ग्रॅमच्या वड्या पाडायच्या, कागदात गुंडाळायच्या. कापताना कडेचे वेडेवाकडे तुकडे निघतात. ते पाकिटात जात नाहीत. चहाच्या सुट्टीत एका ताटलीत आमच्या पुढ्यात येतात. ही आमच्या सेक्शनची पहिल्यापासूनची रीत.

आणि त्या ताटलीवर सगळ्यांत जास्त जीव कुणाचा, तर सुमनताईचा. सुमनताई वडगाव रासाईची. वय बावन्न, वजन शहाऐंशी, आणि हसली की कोल्ड रूमपर्यंत ऐकू जातं.

गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा पार गेला. कंपनीच्या बसमध्ये ती आडवी होऊन चढायची. दौंडच्या एका दवाखान्यात पुण्याचे हाडांचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. त्यांनी सांगितलं, "ऑपरेशन करू. पण आधी अठ्ठ्याहत्तर किलोवर या."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला हे सांगितलं आणि ताटलीकडे अशी बघत राहिली, जणू लेक सासरी निघाली आहे!

*

एकटीला उपाशी ठेवून आपण कसं खायचं? म्हणून सगळ्यांनीच ठरवलं, आजपासून चीज बंद. आमच्यातली मंगल तर बेचाळीस किलोची आहे. वारा सुटला की आम्ही तिचा हात धरतो. तीही म्हणाली, "मी पण डायट करते. सोबत म्हणून."

पहिल्या दिवशी चहाची सुट्टी झाली. ताटली मधोमध. आम्ही सहाजणी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायलो.

शेवटी सुमनताई म्हणाली, "आन् ह्याचं काय करायचं? फेकायचं? अन्न हाय ते, बायांनो! कुणाच्या तरी गायीनं दिलंय."

अन्न टाकायचं पाप नको म्हणून आम्ही ताटली संपवली. पुढचे आठ दिवस रोज पाप टाळत होतो. महिनाअखेर मंगलचं वजन दोन किलोनं वाढलं. डायटचा पहिला फायदा तिलाच झाला!

*

घरी सुमनताईच्या मालकांनी, म्हणजे नामदेवभाऊंनी, फार साथ दिली. भाऊ शेवंतीची शेती करतात, बोलणं कमी. त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "तू सोडलंस ना, मग मी पण आजपासून चीज सोडलं."

सुमनताई म्हणाली, "अहो, तुम्ही कवा खाल्लं होतं?"

भाऊ म्हणाले, "कवाच न्हाई. म्हणून तर लगेच सुटलं."

*

खरी अडचण आली ती चव बघण्याची. प्रत्येक बॅचचं चीज पुढे पाठवायच्या आधी कुणीतरी खाऊन बघतं. यंत्रं असतात, पण आमच्या काळे सरांचा, म्हणजे सुपरवायझरांचा, यंत्रापेक्षा सुमनताईच्या जिभेवर जास्त विश्वास. मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी तिला कळतं.

तिने सरांना सांगितलं, "सर, मला चवीतून सूट द्या."

सरांनी मंगलला नेमलं. मंगलला जे द्याल ते आवडतं. पहिली बॅच, "छान हाय." दुसरी, "छान हाय." तिसरी बॅच सरांनी स्वतः चाखली आणि थेट पिंपाकडे पाणी प्यायला पळाले. नुसतं मीठ!

सर हात जोडून सुमनताईकडे आले. "ताई, गिळू नका. नुसतं जिभेवर ठेवा, चव सांगा आणि थुंकून टाका."

सुमनताई म्हणाली, "चालंल. थुंकू कुठं?"

सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. प्रत्येक भिंतीवर त्यांनीच लावलेली पाटी होती, 'येथे थुंकू नये.'

"मग काय," सुमनताई म्हणाली, "नाइलाज झाला माझा!"

*

पुढे डेअरीत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. पुण्याहून आहाराच्या मॅडम आल्या होत्या. आम्ही वाटच बघत होतो, आता बोलणी बसणार. पण त्या बाई फार गोड. सुमनताईला रोजचं खाणं विचारलं. सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दोन्ही वेळा भाताचा डोंगर. भाजीवर तेलाचा तवंग. आणि शेवटी, मान खाली घालून, चीज.

मॅडम म्हणाल्या, "चीज सोडू नका हो. जे आवडतं ते सगळंच सोडलं तर चार दिवसांत दुप्पट खाल. साखर कमी करा, भात कमी करा. आणि रोज एक वडी चीज खा. वीस ग्रॅम. काकडीबरोबर. पण सावकाश, दहा मिनिटं लावून."

सुमनताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण हिशेब ऐकून म्हणाली, "वीस ग्रॅम? मॅडम, तेवढं तर आमच्या सुरीला चिकटून ऱ्हातं!"

तरी तिने ते मनापासून केलं. चहाच्या सुट्टीत एक वडी घ्यायची, तिचे बारीक दहा तुकडे करायचे. एक तुकडा, काकडीची एक फोड, डोळे मिटून चावायचं. आम्हीही तिच्यासारखंच करू लागलो. आणि खरं सांगते, रोज मूठ मूठ तोंडात टाकत होतो तेव्हा आम्हाला चीजची चव माहीतच नव्हती. ती आधी दुधाची लागते, मग जराशी आंबूस, मग शेवटी काहीतरी असं की सांगता येत नाही. इतकी वर्षं हातातून गेलं आणि चव आत्ता कळली!

एकदा काळे सर अचानक आत आले. सहा बायका ओळीने बसलेल्या, डोळे मिटलेले, सगळं शांत. सर दारातच थांबले. हळूच विचारलं, "काय... कुणी गेलं का?"

मंगल डोळे न उघडता म्हणाली, "शूऽ! सुमनताई सातव्या तुकड्यावर हायत."

*

वजन आम्ही दर शनिवारी बघायचो. कुठं? जिथं क्रेट मोजतो त्याच काट्यावर. रोज वापरातला काटा, त्याच्यापेक्षा खरा कोण?

एका शनिवारी सुमनताई चढली आणि आकडा आला ऐंशी! शहाऐंशीवरून ऐंशी! आम्ही टाळ्या वाजवल्या. माझंही वजन उतरलेलं, मंगल तर चाळीसवर. सुमनताईने त्या आनंदात सुट्टी झाल्यावर सगळ्यांना हायवेच्या हॉटेलात नेलं आणि एकेक चीज डोसा मागवला. स्वतःसाठीही. "आज एक दिवस," म्हणाली.

सोमवारी काळे सर काट्यापाशी उभे. "शनिवारी हा काटा क्रेटवर कुणी ठेवला होता?"

म्हणजे असं, की माल क्रेटसकट मोजतो तेव्हा रिकाम्या क्रेटचं वजन काट्याने आधीच वजा करायचं असतं. बटण दाबलं की काटा दोन किलो कमी दाखवतो. ते बटण शनिवारी तसंच राहिलेलं. सुमनताई ऐंशीची नव्हतीच. ब्याऐंशीची होती.

आयुष्यभर दुसऱ्यांचे क्रेट वजा केले, आणि स्वतः चढताना एकीच्याही लक्षात आलं नाही!

मंगल बारीक आवाजात म्हणाली, "मग आता डोशाचं काय करायचं?"

सगळ्या हसल्या. सुमनताई हसली नाही. दुपारी मला म्हणाली, "शोभा, लाइनवर आठ तास उभं ऱ्हावं लागतं गं. गुडघा असाच ऱ्हायला तर दिवाळीनंतर मला न्हाई जमायचं. घरी बसून काय करू मी? तुम्ही सगळ्या हितं."

मी तिच्या काकडीच्या फोडी करून दिल्या.

*

हे काळे सरांच्या कानावर कसं गेलं माहीत नाही. मी सांगितलं नाही. आमच्याकडे लाइनवर बसायला परवानगी नाही, नियमच आहे. पण दुसऱ्या दिवशी सुमनताईच्या जागेपाशी एक उंच स्टूल आलेलं. नवं कोरं.

सुमनताईने विचारलं, "सर, हे कुणासाठी?"

सर कागदातून मान वर न करता म्हणाले, "मशीनसाठी आहे."

"मशीन बसतंय व्हय?"

"ते त्याचं त्यानं बघावं," सर म्हणाले. "मी स्टूल दिलं. आता ते रिकामं पडलेलं मला दिसलं तर मात्र मी ऐकून घेणार नाही."

*

वडी आणि काकडी तशीच चालू राहिली. आणि मग दोन महिन्यांनी आली डॉक्टरांची तारीख.

सुमनताईला एकटीला जाववेना, म्हणून मी रजा टाकली. दौंडच्या दवाखान्यात आम्ही चौघं. ती, नामदेवभाऊ, मी, आणि तिच्या सासूबाई. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, सोवळ्याओवळ्याला अशा कडक की संक्रांतीला कुणाची बांगडी वाढली तरी अख्ख्या गल्लीला कारण विचारतात. निघताना त्यांनीच सुनेला पाटल्या घालायला लावल्या. "लंकेची पार्वती होऊन दवाखान्यात जाती व्हय?"

आत सिस्टर बसलेल्या. फार शिस्तीच्या. म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरच्या वर असेल तर मी नाव पुढच्या महिन्यात टाकते. डॉक्टरांचं तसंच सांगणं आहे."

सुमनताई चप्पल काढून काट्यावर चढली. अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम.

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "सिस्टर, एक मिनिट. स्वेटर काढते ती." स्वेटर काढला. मोबाईल काढला. दीडशे ग्रॅम राहिले.

पाटल्या काढल्या. हातात घेतल्या की आम्हाला ग्रॅम कळतात. मी म्हटलं, "पन्नास गेले." शंभर राहिले.

कानातली काढली. केसातला चाप काढला. जोडवी काही निघेनात, तीस वर्षांची. सिस्टरांनीच शेवटी साबण दिला, तेव्हा निघाली. आकडा हलला. अठ्ठ्याहत्तर किलो पन्नास ग्रॅम.

आता काढण्यासारखं राहिलं होतं फक्त मंगळसूत्र. पाच तोळ्यांचं. म्हणजे पन्नास ग्रॅमच. मला कळलं, तिलाही कळलं. तिचा हात गळ्यापाशी गेला आणि तिथंच थांबला. तिने नामदेवभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. मग तिने घाबरत घाबरत सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाई बाकावरून उठल्या. काठी टेकत काट्यापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"आण हिकडं."

"आत्याबाई, अहो पण..."

"काढ म्हणती ना! ह्याला मी जन्माला घातलाय. ह्याचं काय व्हायचं ते मी बघती."

सुमनताईने डोळे मिटून मंगळसूत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काट्यावर आकडा आला, अठ्ठ्याहत्तर. पुढे सगळी शून्यं.

नामदेवभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. आईच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "आये, झालं की आता. दे तिला, घालू दे."

सासूबाईंनी मूठ आणखी घट्ट आवळली.

"थांब रे जरा! बाईनं अजून लिहिलं न्हाई."