सखी कुणाला नाही म्हणत नाही

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. पहिल्याचं हसू ओसरायच्या आत दुसरा दारात उभा! त्यात आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात चॅटबॉट आला आणि माझी झोपच उडाली.

मालक रफीकचाचांनी त्याचं नाव ठेवलं 'सखी'. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर विचारणार, सखी उत्तर देणार. आजवर हे काम माझं होतं. मी भीत भीत विचारलं, "चाचा, मग मी काय करू?"

"कासच्या फुलांचा सीझन होऊ दे. मग बघू, दोघींतली कोण ठेवायची."

दोघींतली! तेव्हापासून सखीबद्दल काही बोलायचं असलं, की मी ऑफिसबाहेर येऊन बोलते. न जाणो, ऐकत असली तर?

*

एकानं विचारलं, "नागपंचमीला शिराळ्यात जिवंत नाग जवळून बघायला मिळतील का?"

सखी म्हणाली, "हो, नक्की! किती हवेत?"

मी खुर्चीवर पाय वर घेऊन चाचांना हाक मारली. चाचांनी वाचलं आणि खूश झाले. "बघ, कशी लगेच ऑर्डर घेती! तुझ्यासारखं 'विचारून सांगते' न्हाई."

*

चाचांच्या थोरल्या बहिणीनं सांगलीहून सहलीची चौकशी केली. सखीनं विचारलं, "आपण कोण?"

झालं! थेट चाचांना फोन. "सख्ख्या भावाच्या ऑफिसात मला इचारत्यात, तू कोण?"

"आपा, खुदा कसम, ती मशीन हाय!"

"आसूदे मशीन. वळण कुनी लावलंय तिला?"

चाचा कंदी पेढे घेऊन सांगलीला गेले.

*

पाटणचे एक रिटायर्ड सुभेदार रोज सखीशी चॅट करायचे. एक दिवस पुतण्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून ऑफिसात घेऊन आले. मी पाणी दिलं, तर म्हणाले, "तुमी बसा. सखीला बोलवा. लय गुणाची पोरगी, कवाबी उलट बोलत न्हाई."

मी कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं.

सुभेदारांनी वाकून स्क्रीनच्या मागंही बघितलं. मग पुतण्याला म्हणाले, "तरीच रं! एवढं ऐकून कोण घेतंय?"

*

आणि मग खंडाळ्याचे गुरुजी. अख्ख्या भावकीला कासला न्यायचं होतं. सीझनमधलं सगळ्यात मोठं बुकिंग! पण गुरुजींनी सखीला लिहिलं, "मशीनशी बोलणार नाही. माणूस द्या."

चाचांनी गुरुजींना फोन लावून माझ्यापुढं ठेवला. "हे बुकिंग आणलंस, तर तू राहिलीस." आणि माझ्या मागंच उभे राहिले.

घाबरून माझा आवाज एकदम गुळगुळीत झाला. "नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

"परत मशीनच लावली व्हय!"

"नाही हो, मी माणूस आहे."

"मशीन आनी काय येगळं सांगनार? बरं, सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"ते बी शिकवलं आसंल कुनीतरी. ठेवतो मी."

मागं चाचांनी सुस्कारा सोडला. आणि तेवढ्यात छतावरून पाल पडली, नेमकी माझ्या हातावर!

"आई गं! मेले! पाल! चाचा, पाल! काढा हिला!"

फोन टेबलाखाली, मी खुर्चीवर, चाचा झाडू घेऊन पालीमागं.

टेबलाखालून गुरुजींचा आवाज आला, "बास बास, पटलं! दोन बसगाड्या लिव्हा आमच्या नावावर."

चाचांनी झाडू हळूच खाली ठेवला. पाल ट्यूबलाइटमागं गेली. तिला अजून कुणी हाकललेलं नाही.