आप्पांच्या विहिरीचं पाणी

वडगाव रासाईला आप्पांच्या वस्तीवर कुणीही गेलं, की चहाच्या आधी विहिरीच्या पाण्याचा तांब्या यायचा. आप्पा, म्हणजे माझे चुलते, पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. "कसं हाय?" पाणी मचूळ होतं. सगळे "गोड हाय" म्हणायचे. मीही म्हणायचो.

ही विहीर खोल करताना दरड कोसळली आणि त्यांचा एकुलता एक मुलगा बाळू गेला. पाणी त्याच दिवशी लागलं. आप्पा त्यावर कधी बोलले नाहीत. भीमा नदी हाकेवर असूनही घरात आणि रानात त्यांनी दुसरं पाणी येऊ दिलं नाही, एवढंच.

नव्वद सालानंतर आमच्या सामाईक उसात चांदवेल माजली. खुरपायला बाया मिळेनात, म्हणून आप्पांनी तणनाशक आणलं. रुंद पानांच्या तणावर मारायची ती पांढरी भुकटी विहिरीच्या पाण्यात फाटलेल्या दुधासारखी कणी धरायची. वेल जराशी मलूल व्हायची आणि पुन्हा उसाला विळखा घालायची. "समदा भेसळीचा कारभार हाय," आप्पा म्हणायचे. दुकान बदललं, औषधाचं माप वाढवलं. ऊस वेलीखाली लोळायला लागला.

मी शिरूरला नोकरीला होतो. एका रविवारी गेलो तेव्हा म्हणालो, "आप्पा, निम्म्या सऱ्या तुमच्या पाण्यानं मारू, निम्म्या भीमेच्या. पंप त्योच, माप त्येच."

ते म्हणाले, "मार."

पुन्हा गेलो, तेव्हा नदीच्या पाण्याच्या सऱ्यांत वेल वाळून सुतळीसारखी झाली होती. शेजारच्या सऱ्यांत ती हिरवीगार, फुलावर. आप्पा बांधावर उकिडवे बसले होते.

"हिरीच्या पाण्यात चुना लई हाय," मी म्हणालो. "औषध त्यातच अडकतं. पानात जात न्हाई."

"म्हंजी दुकानदार खरा."

"व्हय."

"आन् हीर खोटी."

काकू भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता आप्पा म्हणाले, "तू डाळ कवापास्नं नदीच्या पाण्यात शिजवतीस?"

काकू पाटी डोक्यावर तशीच धरून उभ्या राहिल्या. "बाळू गेल्यापास्नं. ह्या पाण्यात शिजतच न्हाई ती."

"ठावं हाय मला. रोज खातोय न्हवं."

त्यानंतर फवारणीचं पिंप आप्पा स्वतः नदीवर भरून आणायचे. ऊस सावरला. वस्तीवरचा तांब्या मात्र विहिरीचाच राहिला. फक्त "कसं हाय?" हे विचारणं त्यांनी सोडलं.

शेवटी ते शिरूरच्या दवाखान्यात होते. काकूंनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. एक घोट घेऊन आप्पांनी बाटली माझ्यापुढे केली. मी प्यालो.

"कसं हाय?"

"मचूळ हाय, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले, आणि बाटलीसाठी हात पुढे केला.